नव्या नळीचा बार

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत, सावित्रीच्या काठापासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत, शेत आणि रान यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी एका बांधाचेही अंतर उरलेले नाही. खाली भाताची खाचरे, त्यांच्या वर वरकस, म्हणजे नाचणी-वरी पिकणारी उताराची जमीन, आणि वरकसाला लागूनच जंगल, अशी येथील रचना असल्यामुळे लोंबीत दूध भरू लागले की रानडुकरांचा कळप रातोरात खाचरात उतरतो आणि जेवढे खातो त्याहून अधिक भात लोळवून, तुडवून जातो. या नुकसानीविरुद्ध कायद्याने शेतकऱ्याच्या हाती देऊ केलेले शस्त्र म्हणजे ठासणीची बंदूक, अर्थात जिच्या नळीत तोंडाकडून दारू, बोळा आणि शिसे घालून ते गजाने ठासावे लागते ती बंदूक; १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे. इतर देशांत डुकरांच्या बंदोबस्तासाठी आतून मळसूत्री खाचा पाडलेल्या नळीच्या रायफली वापरतात आणि हौशी नेमबाज त्यांची काडतुसे घरी, मापून भरतात. येथे मात्र प्रत्येक बार हातानेच भरलेला असतो, त्यामुळे बार भरण्याचे कसब हा पीक राखणाऱ्याच्या कामाचाच भाग ठरतो.

या कसबाची खरी परीक्षा नळी बदलल्यावर होते. काळी दारू जळल्यावर नळीत जी काजळी उरते तिच्यात क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळ्यात अशी नळी गरम पाण्याने न धुता, कोरडी न करता आणि तेलाचा हात न देता ठेवली तर थोड्याच दिवसांत तिला गंज धरतो आणि पुढे आतून खड्डे पडतात. त्यात निवडणुकीची भर पडते. आचारसंहिता लागली की परवान्यावरच्या पुष्कळ बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि २०१९ च्या विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला, तर २०२४ चे २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे दोन्ही वेळा हा काळ नेमका भात तयार होण्याच्या आणि कापणीच्या हंगामात आला. जमा करताना साफ न केलेली बंदूक परत मिळते तेव्हा तिची नळी पूर्वीची राहिलेली नसते. खड्डे पडलेली नळी घासून वापरत राहणे धोक्याचे असल्यामुळे ती बदलणेच योग्य. मात्र नळी हा कायद्याच्या दृष्टीने शस्त्राचाच भाग आहे, म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते, गावच्या लोहाराकडून नव्हे, आणि झालेल्या बदलाची नोंद परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे करावी लागते.

नवी नळी बसली की जुन्या बाराचा अनुभव जवळजवळ निरुपयोगी होतो, आणि हीच गोष्ट अनेकांना पटत नाही. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेले दारूचे माप, बोळ्याची जाडी आणि गोळीचा आकार हे सारे एका विशिष्ट नळीच्या पोटाशी जुळलेले असते. नव्या नळीचा व्यास केसभर मोठा असला तरी गोळी आणि नळी यांच्यातली फट वाढते, जळत्या दारूचा वायू त्या फटीतून निसटतो आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. इंग्लंडमधील गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली तोफखान्याच्या शास्त्रावरील आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले की गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी वाट सोडते ती मुख्यतः तिला मिळालेल्या वेड्यावाकड्या फिरकीमुळे, आणि ती फिरकी नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणातून येते. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस, सेंट डेव्हिडच्या किल्ल्यावर वारला. त्याच्या निष्कर्षाचा व्यवहारातला अर्थ असा की ठासणीच्या बंदुकीचा नेम सुधारायचा असेल तर दारू वाढवून उपयोग नाही. गोळी नळीत दर वेळी सारख्याच घट्टपणे बसली पाहिजे. जोराचा बार म्हणजे चांगला बार, हा गावोगावी रुळलेला समज चुकीचा तर आहेच, शिवाय नळी फाडणारा आहे.

म्हणून नव्या नळीसाठी बार बसवताना, म्हणजे तिला मानवणारे प्रमाण शोधताना, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दारू मुठीने वा अंदाजाने न घेता एकाच ठराविक मापाने घ्यावी, नळी बसवणाऱ्या कारागिराने घालून दिलेली मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि आधुनिक काडतुसातली धूररहित दारू या नळीत चिमूटभरही घालू नये, कारण तिचा दाब या बंदुकीला सोसवत नाही. माप कायम ठेवून आधी गोळीभोवतीच्या सुती चिंधीची जाडी पारखावी. बार उडाल्यावर ही चिंधी काही पावलांवर पडलेली सापडते आणि जाणत्या माणसाला ती नेम पाहण्याच्या कागदावरच्या भोकाइतकेच सांगते: कडा दातेरी फाटलेल्या असतील तर नळीच्या तोंडाची धार चिंधी कापते आहे, मधोमध जळून भोक पडले असेल तर चिंधी विरळ आहे किंवा दारू जास्त आहे, आणि ती नुसती काळवंडून अखंड राहिली असेल, तिच्यावर गोळीचा गोल ठसा स्वच्छ उमटला असेल, तर गोळी नळीत नीट धरली गेली आहे. दुसरी खूण गजावर करायची असते. रिकाम्या नळीत गज तळाला टेकवून तोंडाशी एक खाच पाडावी, नीट ठासलेल्या बारावर टेकवून दुसरी. पुढे केव्हाही गज घालून पाहिला की नळी भरलेली आहे की रिकामी, चुकून दोनदा तर भरली गेली नाही ना, आणि गोळी दारूवर पक्की बसली आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे कळते. ही पोकळी नळी फुटण्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि तरीही खाचा नसलेले गज सर्रास वापरात दिसतात, ही खरोखर चिंतेची बाब आहे.

कागदावर नेम पाहण्याची रीतही राखणीच्या कामाशी जुळणारी हवी. एकामागून एक बार उडवत गेले की काजळी साचते, नळी तापते आणि प्रत्येक गोळी वेगळ्या परिस्थितीतून जाते. डुकरावर मात्र माळ्यावरून जो बार टाकायचा तो स्वच्छ, थंड नळीतला पहिलाच बार असतो आणि बहुधा दुसरा भरायला वेळ मिळत नाही. म्हणून दर बारानंतर नळी पुसून, थंड होऊ देऊन, आणि भरण्यापूर्वी एक केप, म्हणजे घोडा आदळताच ठिणगी देणारी तांब्याची टोपी, रिकाम्या नळीवर फोडून आतले तेल जाळून टाकून मगच पुढचा बार भरावा. अशा रीतीने पंचवीस पावलांवर जे बार तळहाताएवढ्या जागेत पडतात तेच राखणीसाठी ग्राह्य मानावेत. त्याहून मोकळा पडणारा बार भाताचे रक्षण करत नाही. तो डुकराला जखमी करून रानात पाठवतो, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी वाटेवर गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर जाते. छर्‍यांबद्दलही हेच म्हणावे लागते, कारण नराच्या खांद्यावरचे जाड, चिवट कातडे त्यांना आतपर्यंत पोहोचू देत नाही. आणि गोळी चुकली तर ती उतारावरून खालच्या वाडीकडे जाणार, हे या डोंगराळ मुलखात क्षणभरही विसरून चालत नाही. जनावराच्या पाठीमागे मातीचा चढ असल्याखेरीज चाप ओढूच नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली वन विभागाचा लेखी आदेश मिळाल्यावरच त्याच्यावर बार टाकता येतो. परवाना वारसाच्या नावे होतो तेव्हा बहुतेक घरांत कागद आणि बंदूक हस्तांतरित होतात, पण माप, चिंधी आणि गजावरच्या खुणा यांची माहिती मात्र जुन्या माणसाबरोबर जाते. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी दारूचे माप, गोळीचा व्यास, चिंधीचे कापड आणि पंचवीस पावलांवरचा भोके पडलेला कागद हे सारे परवान्याच्या पिशवीतच ठेवावे, आणि नळी बदलली की जुना कागद काढून टाकून नवा बार सुरुवातीपासून बसवावा.