ढग कुणाच्या रानावर

अमेरिकेतल्या एडिसन गावचं आमचं घर विकायला काढलं. तळघर उपसताना पत्त्याएवढी प्लॅस्टिकची पट्टी हाती लागली. तिच्यावर किल्ला, कारखाना, पीक, शाळा, दवाखाना अशी चित्रं. दादाच्या ‘इंटेलिव्हिजन’ या व्हिडिओ गेमच्या बटणांवर ती सरकवून बसवायची. मी तिथेच पायरीवर बसले.

खेळाचं नाव ‘युटोपिया’. दोन बेटं, दोन खेळाडू, प्रत्येकाकडे सोन्याच्या शंभर विटा. दवाखाना पंचाहत्तरचा, पीक तीनचं. मी घाईनं कारखाने उभारायची; त्यांच्या धुरानं माझी माणसं मरायची. चिडलेली जनता बंड करायची, शिवाय दादा पैसे मोजून माझ्या बेटावर आणखी बंडखोर धाडायचा.

आणि पाऊस. तो कुणाच्याच हातात नव्हता. ढग पडद्यावर मनाला येईल तसा सरकायचा. पिकावर बरसला तर सोनं, आणि वादळ झालं तर होतं तेही जायचं.

त्या दिवसांत आमच्या गावाहून, म्हसवडहून, आजी आली होती. १९७२च्या दुष्काळात तिनं खडी फोडलेली. शाळा-कारखान्यांशी तिला देणंघेणं नव्हतं, पण ढग दिसला की हातातलं निवडणं थांबायचं. “आगं, आला बघ तुज्या रानावर!” ढग वळून समुद्रावर गेला की पुटपुटायची, “ह्यो आमच्याकडच्यावानीच. दिसतो, पर पडत न्हाई.”

डॉन डॅगलो यांनी मॅटेल कंपनीसाठी रचलेला हा खेळ १९८२मध्ये आला. गावं वसवण्याच्या खेळांची गोष्ट निघाली की लोक १९८९च्या ‘सिमसिटी’पासून सुरुवात करतात. मला ते लागतं. सात वर्षं आधी, साध्या घरच्या टीव्हीवर, दोघं एकाच वेळी राज्य चालवत होते आणि चुकलेल्या राज्याचा हिशेब माणसांच्या जिवात होत होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राजाचं न ऐकणारा तो ढग. डॅगलो यांचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं.

पीक काही फेऱ्यांनी आपोआप नाहीसं व्हायचं. मी हिरमुसले की आजी म्हणायची, “पुन्यांदा पेर. आमीबी पेरलं व्हतं, दोनदा. दोन्ही येळा जळलं.”

आम्ही खेळायचो त्या खोलीत बाबा फारसे थांबत नसत. ते १९७३ साली अमेरिकेला आले. त्या दोन पेरण्यांबद्दल मला आजीनं सांगितलं. बाबांनी कधीच नाही.