वज्रलेप

'वज्रलेप' हा शब्द आपण बोलण्यांत सहज वापरतों. जें कधींच पुसलें जात नाहीं, तें वज्रलेप. मूळचा अर्थ मात्र गवंड्याच्या कामांतला आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कवठ, सांवरीचीं फुलें, राळ, गुग्गुळ, बिब्बा इत्यादि द्रव्यांचा लेप देवळांच्या बांधकामासाठीं सांगितला असून, तो कोटि वर्षें टिकतो अशी ग्वाहीहि दिली आहे. परवां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, तो लेप पेट्रोलांत टिकेल काय?"

हे चिरंजीव लहान विमानांच्या दुरुस्तीचें काम करतात. नागपुरास विमान नवें नाहीं. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या टपालाचीं विमानें सुरू झालीं, तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टपालाचे थैले मध्यरात्रीं आमच्याच गांवीं अदलाबदल होत. पुढें येथील फ्लाइंग क्लबाच्या सेस्ना १५२ जातीच्या दोन आसनी विमानांवर कित्येक तरुण उड्डाण शिकले. या विमानाचे पंख वरच्या अंगास असतात आणि त्यांतील टांक्यांतलें पेट्रोल केवळ आपल्या भारानें खालीं इंजिनाकडे उतरतें. वाटेंत तोटी, गाळणी आणि नळ्यांचे जोड.

असा एक जोड कोठेंसा पाझरूं लागला, तेव्हां कोणीं बाजारांतला, न्हाणीघरास लावावयाचा सिलिकोन लेप त्यास फांसला. गळती थांबली, सर्वांचें समाधान झालें. पण साधा सिलिकोन पेट्रोलांत फुगतो व सुटतो. गाळणींत सांपडलेले त्याचे साबुदाण्याएवढे पांढुरके गोळे आम्हीं स्वतः पाहिले. इंजिन धांवपट्टीवरच अडखळलें म्हणून निभावलें. तेंच झाडांच्या शेंड्यांवर अडखळतें तर? बाहेरची गळती डोळ्यांस दिसते, आंतला तुकडा दिसत नाहीं. म्हणून वाईट लेप हा गळतीहून वाईट.

मग निवड कशी करावी? चिरंजीवांनीं सांगितलेला क्रम असा. प्रथम त्या जोडास लेप हवा कीं नको, हें पाहावें. नळीचें तोंड फुलवून बसविलेला जोड धातूवर धातु टेंकून बंद होतो. तो गळला तर बैठक तपासावी, लेप लावूं नये. निमुळत्या आट्यांच्या जोडास पेट्रोलास दाद न देणारा लेप लागतो. तोहि बाहेरच्या आट्यांवरच, आणि टोंकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवून, म्हणजे कण आंत जात नाहींत. नळकाम करणारांची टेफ्लॉनची पट्टी येथें धोक्याची, कारण तिचे धागे तुटून आंत शिरतात. पंखाच्या पोकळीचीच टांकी केलेली असेल, तर तिच्या सांध्यांस पॉलिसल्फाइड हा दोन द्रव्यें मिसळून होणारा लेप. कुंच्यानें लावावयाचा पातळ तो 'ए' वर्ग, दाट तो 'बी'. पुढें '२' असेल तर मिसळल्यावर तो दोन तास लावतां येतो. पण हा हिशेब २५ अंश उष्णतेचा! आमच्या ४५ अंशांच्या वैशाखांत तो अवधि झपाट्यानें आंखडतो. डब्यावरची मुदत पाहावी, सांधा स्वच्छ पुसावा, लेप पुरता वाळूं द्यावा; आणि सर्वांत वर विमानाच्या निर्मात्याची दुरुस्तीची पोथी. तींत ज्याचें नांव नाहीं, तें द्रव्य कितीहि गुणी असलें तरी बाहेर.

हा विषय घराबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाहीं. २०२३ पासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें आहे, आणि साध्या पेट्रोलांत वर्षानुवर्षें टिकलेलीं कांहीं जुनीं रबरें इथेनॉलांत फुगतात किंवा चिरतात. घरांत जुनी स्कूटर असेल, तर नळी व चकत्या जाणत्याकडून तपासून घ्याव्या आणि त्या बदलतांना हें पेट्रोल सोसणाऱ्याच मागाव्या.

वराहमिहिराचा लेप दगडासाठीं होता, आणि दगडासाठीं तो योग्यच असेल. सर्व शत्रूंस पुरून उरेल असा लेप कोठेंच नाहीं. सांधा कशाचा, आंत वाहतें काय, आणि ऊन किती, एवढें विचारून जो डबा उघडतो, त्याच्या हातचें काम टिकतें.