हिंसा मोजायची कशी?

काशीच्या मुन्शी घाटावर पायऱ्यांवर बसून माझा भाचा मोबाइलवर कार्टून पाहत होता. पाच मिनिटांत मांजराला अकरा फटके बसले, मी मोजले. भाचा खदखदून हसत होता.

काशीतच घडणाऱ्या, नीरज घायवान यांच्या ‘मसान’मध्ये (२०१५) एक पोलीस अधिकारी मुलीचा व्हिडिओ काढतो आणि तिच्या वडिलांकडून पैसे उकळतो. इथली भीती रक्ताची नाही, बदनामीची आहे. ती कशी मोजणार?

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीवरचे हिंसक प्रसंग मोजायला घेतले. कार्टूनमधली गमतीची मारामारीही ते धरत. टीकाकारांचा सवाल होता, हसवणारा फटका आणि जीव घेणारा फटका एकाच मापात कसा?

आपल्याकडे २०२४ पासून सिनेमांच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. सोय चांगली आहे. पण आकडा वय सांगतो, आपलं मूल कशाला घाबरतं ते सांगत नाही.

म्हणून रेटिंग पाहाच, शिवाय मुलांना एवढंच विचारा: ज्याने मार खाल्ला, त्याचं पुढे काय झालं? पडद्यावर उत्तर नसेल, तर ते घरी बोलूया.