खुब्याचं हाड आणि लोहाची सलाईन

खुब्याचं हाड मोडून आजी दाखल झाल्या की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, रक्ताच्या किती बाटल्या आणू?" मी भूलतज्ज्ञ, उत्तर देण्याआधी एक्स-रे बघते. हाड मानेशी मोडलं असेल तर रक्तस्राव बहुतेक सांध्याच्या आवरणातच राहतो. ट्रोकँटरपाशी मोडलं असेल तर मांडीच्या स्नायूंत रक्त मुरत जातं, बाहेर थेंबही दिसत नाही. येताना साडेदहा असलेलं हिमोग्लोबिन, सलाईन चढल्यावर दुसऱ्या सकाळी साडेआठवर आलेलं असतं.

अशा वेळी शिरेतून लोह देऊ या म्हटलं की विचारणा होते, "त्यानं बाटली वाचेल का?" बहुधा नाही. ऑपरेशन एक-दोन दिवसांत उरकायचं असतं आणि अस्थिमज्जेतून नव्या तांबड्या पेशी यायलाच तीन ते पाच दिवस लागतात. बाटली वाचते ती ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडनं आणि आपण धीर धरल्यानं. २०११ च्या ‘फोकस’ चाचणीत हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले २,०१६ रुग्ण होते. हिमोग्लोबिन दहाखाली जाताच रक्त दिलं काय किंवा आठपर्यंत थांबलं काय, ६० दिवसांनंतर जगण्या-चालण्यात फरक दिसला नाही. छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर मीही आठपर्यंत थांबते.

मग लोह कशाला? घरी गेल्यावर वॉकर धरून संडासापर्यंत जायला दम लागतो, त्यासाठी. गोळ्या या दिवसांत फारशा कामाच्या नाहीत. हाड मोडलं की शरीरात दाह उठतो, यकृत हेप्सिडिन सोडतं आणि आतडं लोह आत घेईनासं होतं. पदरात पडतं फक्त बद्धकोष्ठ. म्हणून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून मी फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज लावते. चाळीस किलोच्या आजींना सरसकट हजार मिलिग्रॅम देत नाही, मात्रा वजनावर ठरवते. ते नॉर्मल सलाईनमध्ये मिसळलं की कोऱ्या चहासारखं गडद दिसतं. आधी साधी सलाईन सोडून शीर धड आहे ना ते बघते आणि पंधरा मिनिटं तिथून हलत नाही. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो महिनोन्‌महिने जात नाही.

डिस्चार्ज कार्डावर ‘चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन’ असं लिहिते. टाके काढायच्या गडबडीत ती तपासणी राहून जाते, म्हणून सुनेला आणि मुलाला समोर बसवून तारीख सांगते.