पोवळ्यांच्या गावाला

पोवळे म्हटले की आम्हां मुलुंडकरांना सोनाराच्या दुकानातला लाल मणी आठवतो. तो मणी भूमध्य समुद्राकडचा. पण त्याचे दूरचे नातलग मालवणला, थेट सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी नांदतात, असे कळले आणि गेल्या मे महिन्यात सहकुटुंब ठाण्याला ‘कोकणकन्या’ धरली. कुडाळहून एस. टी.ने मालवण.

महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातलेला तो तट समोर, आणि पन्नाशीकडे झुकलेला हा मराठीचा प्राध्यापक डोळ्यांवर काच, तोंडात रबरी नळी अशा थाटात पाण्यात पालथा! सौ. होडीतून हसत होती. मला ते ऐकूच आले नाही. खाली खडकांवर मेंदूसारख्या वळ्यांचे तपकिरी, हिरवट गोळे आणि त्यांच्या आडोशाला माशांची धावपळ. मधूनच एखादा गोळा चुना लावल्यासारखा शुभ्र. मुलीला तोच सर्वांत आवडला.

“गुरुजी, ता पांढरा दिसता ता बरा नाय,” होडीवाला म्हणाला.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. चुन्याचे घर बांधणारा इवलासा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करते आणि भाड्यापोटी मालकाला जेवू घालते. (असा भाडेकरू आमच्या इमारतीत नाही.) रंगही त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल उष्णतेपेक्षा पाणी अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की मालक बिऱ्हाडकरूला बाहेर काढतो. मग पारदर्शक अंगातून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो, आणि उपासमार सुरू होते. पाणी वेळेवर निवले तर जीव वाचतो.

मालवणात २०१५-१६ साली असेच झाले. जगभर तर १९९८ पासून अशा लाटा येत आहेत. चौथी २०२४ साली जाहीर झाली. आपण कोळसा-तेल जाळून वाढवलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घातली आहे. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जाळी आणि नांगर यांना कायदा अडवील. तापल्या पाण्याला कोणता पहारेकरी अडवणार? आपल्या मुंबईत २०२० साली सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे बसवले. मालवणचे उचलून कुठल्या समुद्रात न्यायचे?

परतताना मी होडीवाल्याला विचारले, “ही पांढरी पुन्हा रंगतील का हो?” त्याने वल्हे थांबवून आभाळाकडे पाहिले.

“पाऊस पडलो की पाणी थंड होतला. मगे बघूया.”

पावसाला अजून तीन आठवडे होते.