एका फोनापुरती वीज

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरावे, नवीन पनवेल मागे टाकावे आणि गाढी नदीवरचा पूल ओलांडावा, की विचुंबे येते. अर्धे गाव, अर्धे शहर अशी या वस्तीची तऱ्हा आहे. एका अंगाला देऊळ, जुनी घरे आणि भातशेतीचे उरलेसुरले तुकडे. दुसऱ्या अंगाला लिफ्टच्या इमारती. आमच्या गच्चीवरून पूर्वेला माथेरानचा डोंगर आणि प्रबळगड दिसतो. गाढी त्याच डोंगरातून येते. उन्हाळ्यात ती इतकी गरीब असते, की हिला नदी का म्हणतात, असा प्रश्न पाहुण्याला पडावा. पावसाळ्यात तो प्रश्न कुणाला पडत नाही.

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकलवरून मुलूखगिरी करावी, हे आमच्या स्टाफरूमला अजून पटलेले नाही. माझी बुलेट २०१२ सालची. २०२१च्या जानेवारीत मला तिच्यावर मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट बसवून घेण्याची हौस आली. खरे कारण एवढेच, की टाळेबंदीत वर्षभर घरात बसून नकाशे पाहिले होते, आणि आता निघायचे तर फोनमधला नकाशा वाटेत विझता कामा नये. "लोक गाडीवरून फिरायला जातात ते फोनपासून सुटका व्हावी म्हणून," असे आमच्या सौभाग्यवतीने त्यावर ऐकवले.

विचुंब्यात पुलाच्या अलीकडे एका मिस्त्रीचे टपरीवजा गॅरेज आहे. मी सॉकेट पुढे करताच त्याने ते उलटेसुलटे पाहिले.

"सर, ह्यो मूळचा सिगरेट पेटवायचा. तुमी तर सुपारीपन खात नाय."

"फोनसाठी हवाय," मी म्हणालो. "दोन वायरी बॅटरीला जोडल्या की झालं ना?"

मिस्त्रीने माझ्याकडे असे पाहिले, की शुद्धलेखनाच्या चुका दाखवताना आपण विद्यार्थ्याकडे कसे पाहत असू, हे मला प्रथमच कळले. मग काम करता करता त्याने शिकवणी सुरू केली. बॅटरी १२ व्होल्टची. लाल तार तिच्या धन टोकापासून निघणार. पण निघाल्याबरोबर, वीतभराच्या आत, १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज सॉकेटपाशी दूर बसवला आणि मधेच तार घासून उघडी पडली, तर गाडी पेटेल आणि फ्यूज नुसता पाहत राहील. पुढे रिले, त्याचा इशारा किल्लीकडून. किल्ली बंद, की सॉकेट मुके. नाहीतर रात्रभर काहीतरी जोडलेले राहायचे आणि सकाळी बॅटरी थंड. काळी तार ऋण टोकाला. तारा टाकीखालून चौकटीला बांधून न्यायच्या, आणि हँडलपाशी थोडी ढील ठेवायची, म्हणजे वळताना ताण बसत नाही. शेवटी सॉकेटवर रबरी टोपी.

"१२ गुनिले १०, म्हंजे १२० वॉट झालं," तो म्हणाला. "गाडीचा दिवाच ६० खातो. म्हनून हावरटपना करायचा नाय."

एवढे झाल्यावर त्याने दोन जादा फ्यूज चिकटपट्टीने सीटखाली डकवले. इतकी सावधगिरी कशाला, असे मी विचारले. त्याने नदीकडे हात केला. "२६ जुलै २००५ला घरात पानी व्हतं, सर. पुरात वीज जाते ती सगल्यांच्या आधी, आनि येते ती सगल्यांच्या मागून."

मी ते वाक्य ऐकून घेतले आणि विसरलो.

२२ जुलै २०२१च्या पहाटे चिपळूणहून अक्काचा फोन आला. "पाणी अंगणात आलंय. आम्ही वर चाललोय." त्यानंतर फोन लागेना. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या त्या दिवशी शहरात शिरल्या होत्या. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. चौथ्या दिवशी कुणा परक्याच्या फोनवरून अक्काचे चार शब्द आले, तोवर आमच्या घरात कुणी नीट जेवले नव्हते.

१ ऑगस्टला, रविवारी, मी बुलेट काढली. पळस्प्यावरून कर्नाळ्याची खिंड, पेण, माणगाव, महाड. महाडात दुकानांपुढे चिखलाने माखलेल्या मालाचे ढीग होते. पोलादपूर, कशेडी, खेड. खेडच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरली आणि परशुराम घाट उतरून चिपळुणात शिरलो.

अक्काच्या आळीत वीज अजून आली नव्हती. भिंतींवर माणसाच्या उंचीच्याही वर चिखलाची रेघ होती. अक्का दारातच भेटली. रडली नाही; म्हणाली, "आधी चहा घे." मी तिचा फोन गाडीला लावला, किल्ली फिरवली, इंजिन थोडे चढते ठेवले, दिवा बंद केला. पाच मिनिटांत शेजारचा मुलगा आला, मग त्याच्या मागून सारी आळी. प्रत्येकाला वीस मिनिटे, असा नियम अक्कानेच घातला. माझी नजर मात्र पेट्रोलच्या टाकीवर. दोनशे किलोमीटर परतायचे होते.

एक आजी बटणांचा फोन पदरात गुंडाळून आल्या. मुलगा मस्कतला. "पुरा भरू नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "एका फोनापुरता दे. जिवंत आहे, एवढंच सांगायचंय." त्यांचा नंबर लागायला अजून चौघे होते. त्या चौघांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. सगळे बाजूला सरले.

दुपारी एका उत्साही तरुणाने कुठूनसा लहान इन्व्हर्टर आणून त्यावर पाण्याचा पंप लावला. क्षणात सॉकेट मेले. आळी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी सीट उघडली. एक इवलीशी तार स्वतः जळून गेली होती आणि बाकी गाडी शाबूत होती. मिस्त्रीने डकवलेला पहिला फ्यूज लावला आणि रांग पुढे सरकली.

संध्याकाळ होण्याआधी निघालो. विचुंब्याला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. टपरी बंद होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सगळे सांगितले.

"किती फोन झाले?" त्याने विचारले.

"मोजले नाहीत."

तो काही बोलला नाही. डब्यातून एक फ्यूज काढून त्याने सीटखाली रिकाम्या जागी डकवला आणि पट्टी अंगठ्याने घट्ट दाबली. त्या फ्यूजचे पैसे त्याने आजतागायत घेतलेले नाहीत.