कोपऱ्याला कोपरा

१९ एप्रिल
फाटकाजवळची बोअर चालू केली की मागच्या अंगणातल्या बोअरचं पाणी तासाभरात खाली जातं. तिसरी बोअर या दोघींच्या मधोमध आहे, पण ती ढिम्म हलत नाही. सोसायटीच्या अध्यक्षकाकांना आता चौथी मारायची आहे. मी दहा दिवस मागून घेतले. या जमिनीच्या पोटात काय कशाला जोडलंय, ते आधी कळायला हवं.

२१ एप्रिल
बोअर मारताना कुणीतरी जपून लिहिलेला कागद सापडला. मुरूम, काळा पाषाण, तांबडी माती, मांजऱ्या, पुन्हा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा क्रम: लोटाच्या पोटात घट्ट पाषाण, माथ्याकडे बुडबुड्यांचा मांजऱ्या, दोन लोटांमध्ये तांबडा थर. म्हणून या जमिनीची संगणकावर जी जाळी बांधतेय, तिच्यात खडक फासे टाकून भरता येत नाहीत. कशावर काय येतं याच्या शक्यता कागदावरून काढल्या. आडव्या दिशेला मात्र तीनच बोअर. तिथे अंदाज, आणि झोप उडते ती त्यानेच.

२४ एप्रिल
पहाटे मार्केट यार्डात कांद्याला गेले. पोत्यांच्या थप्प्यांनी गल्ली बुजलेली. मी एक फट दाखवली तर हमालदादा म्हणाले, "ताई, फट दिसली म्हणजे वाट झाली का? अंग शिरलं पाहिजे."

घरी येऊन आधी जाळीतला तोच नियम तपासला: कोणत्या चौकटी जोडलेल्या धरायच्या. सपाट जाळीत चौकटी फासे टाकून रंगवल्या, तर आरपार वाट व्हायला सुमारे ५९ टक्के रंगवाव्या लागतात. कोपऱ्याला कोपरा टेकलेल्याही जोडलेल्या धरल्या, तर ४१. ठोकळ्यांच्या जाळीत, बाजूला बाजू लागलीच पाहिजे म्हटलं तरी, ३१ पुरतात. ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ साली अशा आरपार वाटांचं गणित मांडलं. आमचे थर आडवे पसरलेले, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. पण कोपऱ्यांची सवलत मी काढून टाकली.

२८ एप्रिल
उभ्या छेदात मधला पाषाण फाटकाजवळची आणि मागची बोअर एकमेकींपासून तोडतो. ठोकळ्यांत मात्र बहुतेक वेळा कुजलेला, भेगाळलेला मांजऱ्या त्याला वळसा घालून दोघींना जोडतो. चौथी बोअर त्याच पाण्यात तिसरी वाटेकरी होईल. काकांना चित्र दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

उद्या पंप बंद. सहा वाजता तिन्हींत दोरी सोडून पातळी मोजायची.